पवळ्या माजघरात, केरू फणसावर

तुळसाच्या लिखाणात आपण एकदा तरी यायचंच, असं केरूने ठरवलं ते चैत्र संपता संपता, ओटीवर काजूच्या बिया निवडताना. ठरवणं काही फार मोठं नव्हतं. उद्या दाढी करायची असं माणूस ठरवतो, तितकंच. पण त्यापायी तो बहात्तराव्या वर्षी फणसावर अडकला आणि जिल्ह्यातल्या त्रेचाळीस बायकांनी ते ऐकलं. म्हणून मुळापासून सांगायला हवं.

केरू बोलायला सावकाश. त्याला 'जेवलास काय' असं विचारलं तर उत्तर येईस्तोवर विचारणारा जेवून येतो, अशी वाडीत थट्टा आहे. (खरं तर एवढा वेळ लागत नाही. फार तर एक पान लावून होतं.) शाळा दुसरीपर्यंत. पुढे गुरं, आणि गुरांनंतर मुंबई. एकतीस वर्षं त्याने मशीद बंदरच्या एका गोदामात गोणी उचलल्या. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आणि पाहुण्यासारखा ओटीवर बसून परत जायचा. आता गुडघे दुखायला लागल्यापासून कायमचा गावी होता, आणि ओटीवरच होता.

तुळसा सातवी शिकलेली. देवरुखच्या हायस्कुलातल्या स्वप्नाबाई बचत गटाच्या सभेला वाडीत आल्या होत्या, तेव्हा तुळसाने उभं राहून पवळ्याची गोष्ट सांगितली. पवळ्या हा त्यांचा बैल. अठरा वर्षं नांगर ओढून मेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुळसाताई, हे तुम्ही लिहा. मी लिहिणाऱ्या बायकांचा एक ग्रुप केलाय मोबाइलवर. त्यात या."

ग्रुपचं नाव 'माजघर'. बुरोंडीपासून सावर्ड्यापर्यंतच्या बायका त्यात होत्या. मास्तरीण होती, शिवणकाम करणारी होती, मासे विकणारी होती. वहीत लिहायचं आणि मोबाइलवर वाचून पाठवायचं. नियम तीन. पहिला, कुणी वाचलं की बाकीच्यांनी आधी एक चांगलं सांगायचं, मग चुकलं असेल ते. दुसरा, 'हे लिहून काय उपयोग' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. आणि तिसरा, माजघरात फक्त बायका. बाप्यांनी ओटीवर थांबायचं.

केरू तसाही ओटीवरच होता. त्यामुळे त्याला सगळं ऐकू यायचं.

मोबाइल घरात एकच, मुंबईहून मुलाने, सुहासने पाठवलेला. आधी त्यावर केरू रोज संध्याकाळी भजनं ऐकायचा. आता तुळसा वही घेऊन अंगणातल्या फणसाखाली बसायची, कारण रेंज तेवढ्या एकाच जागी यायची, आणि केरूची भजनं बंद. त्याचंही त्याला काही वाटलं नसतं. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

तुळसाने पवळ्यावर लिहिलं. त्रेचाळीस बायका रडल्या. बुरोंडीची सगुणा, जी पहाटे बंदरावर मासळी घेऊन दिवसभर टोपली फिरवते, तिने बोलून पाठवलं, "ताई, तुमचा बैल आयकला आणि मला पापलेटाचा भाव सुचंना." मग तुळसाने विहिरीवर लिहिलं. सासूच्या जात्यावर लिहिलं. भातात शिरणाऱ्या रानडुकरावर लिहिलं, आणि त्या डुकराचीही बायकांना माया आली. शेजारच्या शालनच्या कोंबडीवर लिहिलं. (शालनही माजघरात होती. आपली कोंबडी सावर्ड्यापर्यंत पोचली म्हणून ती चार दिवस हवेत होती.)

केरू प्रत्येक वेळी कान लावून बसायचा. विहीर आली की त्याला वाटायचं, आता आपण येणार, रहाट आपणच बसवला होता. रहाट यायचा, केरू यायचा नाही. फक्त डुकराच्या लेखात एक वाक्य होतं, "घरात तेव्हा कुणी नव्हतं." ते ऐकून केरूने हिशोब केला आणि त्याच्या ध्यानात आलं, ते 'कुणी नव्हतं' म्हणजे आपण.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "डुकरावर चांगला लिवलंस."

"सगल्यांना आवडला," तुळसा म्हणाली.

केरूने दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "डुकराने भात खाल्लान आपला."

"मग?"

"काय नाय," केरू म्हणाला. पण त्याला म्हणायचं होतं ते असं, की भात खाणाऱ्याला पान भरून जागा आणि भाताच्या बियाण्याला मुंबईहून पैसे पाठवणाऱ्याला एक ओळ नाही.

आणि मग त्याने ते ठरवलं. लिहिण्याजोगं आपण काही केलं की झालं. लिहील मग.

दुसऱ्या दिवशी तुळसाच्या आधी उठून त्याने चहा केला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. चांगला झाला होता, पण कप देताना हातातून सटकला आणि फुटला. तुकडे उचलताना तुळसाने कान असलेला तुकडा जरा वेळ हातात धरला. केरूच्या छातीत आशा हलली.

संध्याकाळी फणसाखाली तिने वाचलं. लेखाचं नाव 'मावशीचा कप'. मावशीने लग्नात दिलेला, निळ्या फुलाचा, एकूण सहातला शेवटचा. शेवटची ओळ होती, "आज तोही फुटला."

"फुटला म्हंजे?" केरू ओटीवरून स्वतःशीच म्हणाला. "कप काय आपल्या पायांनी चालत जाऊन फुटला?"

मग त्याने गोठा झाडायला घेतला. पवळ्या गेल्यापासून गोठ्यात लाकडं, पेंढा आणि सरपटणारं बरंच काही होतं. दोन दिवस खपून त्याने तो आरशासारखा केला. गुडघे सुजले. तुळसा बघायला आली, आणि तिची नजर नेमकी खुंटीवर गेली. तिथे जाळ्याखाली पवळ्याच्या गळ्यातली घंटा होती.

लेखाचं नाव 'घंटा'. पवळ्यावरचा हा दुसरा. बायका पहिल्यापेक्षा जास्त रडल्या. "आज गोठा साफ झाला आणि," अशी सुरुवात होती. केरूने ते ऐकून गुडघ्याला तेल चोळलं आणि त्याला पहिल्यांदाच स्वच्छ कळलं, की आपल्याला हेवा वाटतोय, आणि तो मेलेल्या बैलाचा. हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. शेजारच्या एखाद्या बाप्याशी भांडण काढता येतं. बैलाशी काय काढणार?

राहता राहिला फणस. अंगणातल्या त्या झाडाला शेंड्याजवळ दरवर्षी एक मोठा कापा फणस लागायचा आणि दरवर्षी वानरं खायची. तुळसा दरवर्षी वर बघून म्हणायची, "त्यो काय आपल्या नशिबात नाय." तो काढायचा, केरूने ठरवलं. आणि काढायचा तो रविवारी चार वाजता, कारण रविवारी चार वाजता माजघराची सभा असायची. त्या वेळी सगळ्या बायका एकदम मोबाइलवर जमायच्या आणि तुळसा झाडाखाली असायची. डोळ्यांदेखत चढलेला माणूस तरी तिला दिसेल.

रविवारी त्याने झाडाच्या मागच्या बाजूने शिडी लावली, कमरेला कोयती आणि दोर बांधला आणि चढला. तुळसा मोबाइल बुंध्याला टेकवून, चष्मा लावून बसली होती. सावर्ड्याची कमळा शिवणयंत्रावरचा तिचा लेख वाचत होती. केरू पहिल्या बेचक्यात पोचला, तिथून दुसऱ्यात. तिथे पाय वर ओढून घेताना टाच शिडीला लागली. शिडी जरा उभी राहिली, विचार केल्यासारखी, आणि दगडी गडग्यावरून पलीकडे शालनच्या परसात जाऊन आडवी झाली. कोयतीही सुटून खाली झुडपात गेली.

"अगो," केरू म्हणाला.

तुळसाने वर न बघता हात केला. थांबा, असा. कमळा वाचत होती, आणि वाचणारीला मध्ये तोडायचं नाही असा रिवाज होता.

केरू थांबला. कमळाच्या यंत्राची सुई मोडली, नवीन आणली, नणंदेने टोमणा मारला. केरूच्या पायावरून तांबड्या मुंग्या चालायला लागल्या. लेख मोठा होता.

कमळाचं संपलं तेव्हा तो पुन्हा म्हणाला, "अगो, शिडी गेली."

"कुठं गेली?"

"शालनकडं."

"तिला कशाला दिलाव? मागितली व्हती तिने?"

"नाय," केरू म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "मी वर हाय."

तुळसाने वर बघितलं आणि चष्मा काढून पुन्हा बघितलं.

मोबाइलमधून स्वप्नाबाईंचा आवाज आला, "तुळसाताई, पुरुषाचा आवाज येतोय. माजघरात कोण शिरलंय?"

"माजघरात नाय, बाई. फणसावर हाय. आमचे हे."

मोबाइलवर एकदम कालवा झाला. शालन म्हणाली, "थांब गो, मी शिडी आनतंय," आणि तिचा चौकोन रिकामा झाला. बाकीच्या बेचाळीस बायकांना काय करावं सुचेना, आणि अशा वेळी माणूस सवयीने जे करतो ते त्यांनी केलं. पहिली सगुणा बोलली.

"काका, आदी येक चांगला सांगतंय. ह्या वयात तुमी चढलाव, येवढा आमचा बापूस पन चढला नसता. आता चुकला ता सांगू? शिडी बांदायची व्हती."

"व्हय," केरू वरून म्हणाला.

"काका, तुमचा आवाज किती शांत आहे," कमळा म्हणाली. "घाबरलेलं माणूस असं बोलत नाही. फक्त आता दोन्ही हातांनी धरा."

केरू घाबरलेला होता. पण सावकाश बोलण्याचा आयुष्यात कधीतरी उपयोग व्हायचा होता, तो आज झाला.

आणखी तिघी-चौघींनी त्याला शाबासकी दिली. फांदी चांगली निवडली म्हणाल्या, दोर बरोबर घेतला म्हणाल्या. केरूला बरं वाटायला लागलं. त्याच्याबद्दल एवढं चांगलं एका बैठकीत कुणी कधी बोललं नव्हतं. गोदामात एकतीस वर्षांनंतर निरोपाला नारळ दिला होता, तोही न बोलता. म्हणून स्वप्नाबाईंनी जेव्हा विचारलं, "पण काका, एकटे का चढलात?" तेव्हा त्याच्या तोंडून खरं ते बाहेर पडलं. अर्थात जरा वेळाने.

"बैलावर दोन झाले," तो म्हणाला.

"काय दोन?"

"लेख. कपावर येक. डुकरावर येक. शालनच्या कोंबडीवर पन." त्याने पाय बदलला. "मला वाटला, फनस काढला तर माज्यावर येक व्हईल."

बेचाळीस बायका गप्प झाल्या. मोबाइल बंद पडला की काय, म्हणून केरूने वाकून बघितलं.

तुळसा रागावली नाही. रागावली असती तर केरूला सोपं गेलं असतं. ती मान वर करून, हळू म्हणाली, "तुमच्यावर काय लिवू? पवळ्या हितं व्हता. त्याला ताप आला तर मी रात रात बसत व्हते. तुमाला ताप आला तर तुमी काय लिवायचाव? सर्व ठीक. पाय मोडला तवा काय लिवलाव? सर्व ठीक, काळजी नसावी. येकतीस वर्सं सर्व ठीक. ह्याचा कोन काय लिवील, तुमीच सांगा."

केरू फांदी धरून बसला. खरंच होतं. तुळसा दर पंधरा दिवसांनी निळ्या पत्रावर घरचं सगळं लिहायची, आणि तो दोन ओळी पाठवायचा. पण तिच्या त्या पत्रांचीही एक गोष्ट होती. ती त्याने कुणालाच सांगितलेली नव्हती. खाली असता तर सांगितलीही नसती. पण वर झाडावर माणूस एकटा असतो.

"मला वाचाय येत नव्हता," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"दुसरीत सोडली शाळा. अक्षर लावता यायचा, जोडाक्षर आला की अडायचो. तुजी पत्रं भिकू वाचायचा."

भिकू म्हणजे खोलीतला गाववाला. काळाचौकीला गावकऱ्यांची खोली होती, अकरा जण एका खोलीत. भिकूचा आवाज भारी. पत्र आलं की तो पेटीवर बसायचा आणि नाटकातल्यासारखा वाचायचा, आणि बाकीचे दहाही जण भाकरी खाता खाता ऐकायचे. पवळ्याचा पाय लचकला तेव्हा खोलीत कुणी जेवलं नाही. रस्त्यात गाववाले भेटले की विचारायचे, "पवळ्या कसा हाय?" केरू कसा आहे, ते कुणी विचारत नसे.

"दोन वर्सं ऐकला," केरू वरून सांगत होता. "पत्र माजा, आनि आधी कळायचा भिकूला. तू कुठं रडलीस ता त्याला ठावं, मग मला. मला सोसवंना. मग शिकलो. दुकानांच्या पाट्या वाचत गोदामात जायचो. जोडाक्षर दिसला की उबा ऱ्हायचो. वर्स लागला. मग पत्र आला की खिशात टाकायचो, भिकूला म्हनायचो, पत्र नाय आला."

"आनि?"

"आनि गोदामात बसून वाचायचो. भिकू दोन मिनटात संपवायचा. मला शनवारपावत पुरायचा."

गडग्यापाशी शालन शिडी खांद्यावर घेऊन केव्हाची उभी होती. मध्ये तोडायचं नाही म्हणून थांबली होती.

"सांगितलाव का नाय कदी?" तुळसाने विचारलं.

केरूने विचार केला. "इचारला नाय कुनी," तो म्हणाला. मग म्हणाला, "मुंग्या लय चावतायत."

शालनने शिडी लावली, तुळसाने धरली, केरू उतरला. फणस वरच राहिला. दोन दिवसांनी तो वानरांनी खाल्ला, नेहमीसारखा. पण त्या दोन दिवसांत केरूचं फणसाकडे लक्षच नव्हतं. तुळसा लिहीत होती. चुलीवर भात ठेवून लिहीत होती, मध्येच विचारत होती, खोली किती मोठी, खिडकी कुठे होती, पत्र कुठल्या खिशात ठेवायचात. केरू एकेक उत्तर देत होता, आणि प्रत्येक उत्तर वहीत जाताना बघत होता. चार दिवसांत चार पानं झाली. पवळ्याची अडीच होती. (केरूने ती तुळसा विहिरीवर गेली असताना मोजली.)

पुढच्या रविवारी त्याने अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. ऐकू येईल अशा बेताने ओटीच्या कडेला बसला. चार वाजता तुळसाने वाचायला सुरुवात केली.

"माझा नवरा केरू," अशी पहिली ओळ होती.

केरूने मान खाली घातली आणि काजूची एकच बी पुढची पंधरा मिनिटं निवडत राहिला. सगळं होतं त्यात. पाट्या होत्या, जोडाक्षरं होती, शनिवार होता. केरूला वाटलं, आता बैल गेला काय आणि डुक्कर आलं काय, आपल्याला कुणाचा हेवा उरला नाही.

मग मोबाइलवर सगुणा नाक ओढत बोलली.

"ताई, आदी येक चांगला सांगतंय. त्यो भिकूभाऊ. काय मानूस गो. दुसऱ्याच्या बायकोचं पत्र, आनि पवळ्याचा वाचताना त्याचा आवाज भरून यायचा. असा मानूस आता मिळंल?"

"मलाही भिकूभाऊच आवडले," कमळा म्हणाली. "पत्रं येत नाहीत असं काकांनी सांगितल्यावर ते रोज पोस्टमनला विचारायला जिन्यापर्यंत जायचे, तिथे मी रडले."

(हे केरूनेच सांगितलं होतं. बुधवारी, भाताला आधण येता येता. ते लिहिलं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.)

मग सगळ्याच बोलायला लागल्या. भिकूभाऊंचा आवाज, भिकूभाऊंची पेटी. एकीने विचारलं, "आता असतात कुठे ते?"

तुळसाने ओटीकडे बघितलं. केरूने विचार केला.

"गेला," तो म्हणाला.

त्रेचाळीस बायकांनी मिळून सुस्कारा सोडला. दोघींनी पदर डोळ्यांना लावला.

"पनवेलला," केरू म्हणाला. "लेकीकडं."

स्वप्नाबाई हसू आवरून म्हणाल्या, "तुळसाताई, लेख फार छान. एकच सुचवते. काकांचा भाग थोडा आवरता घ्या आणि भिकूभाऊंवर वेगळं, सविस्तर लिहा. पुढच्या रविवारी ऐकू."

सभा संपली. तुळसा वही घेऊन ओटीवर आली, केरूच्या शेजारी बसली आणि तिने नवीन पान काढलं. एवढ्या वर्षांत ती अशी, काही काम नसताना त्याच्या शेजारी बसलेली त्याला आठवत नव्हती. पण विचारलं तिने भिकूबद्दलच.

"दिसाय कसा व्हता त्यो?"

भिकू उंच होता, गोरा होता, त्याचे केस कुरळे होते. यातलं काही सांगायची गरज नव्हती. असं काही सांगायला हवं होतं, की भिकू हा विषय आज, इथेच, कायमचा मिटेल. त्याने बराच वेळ घेतला. एक पान लावून झालं असतं, एवढा.

"बैलासारका," तो म्हणाला.

तुळसाचं पेन थांबलं. तिने गोठ्याच्या खुंटीवरच्या घंटेकडे बघितलं आणि तिचे डोळे ओले झाले.

"असा व्हय," ती हळूच म्हणाली, आणि तिने आतून दुसरी, कोरी वही आणली.